डोंगर, पाणी आणि पस्तिसावा मजला

शनिवार

विमान खाली यायला लागलं तसं बाबांनी खिडकीला नाक लावलं. खाली राखाडी समुद्र, त्यात हिरवे डोंगर, आणि डोंगरांच्या पायाशी उभ्या केलेल्या काड्यापेट्यांसारख्या इमारती. "अगं, हे तर तुझ्या त्या चित्रांसारखंच दिसतंय," ते म्हणाले. हाँगकाँगची पहिली ओळख त्यांनीच करून दिली, मला काही बोलायला उरलंच नाही.

मी ठाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. बाबांची सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून गेली. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रॉट्रिंगच्या पेनांत त्यांचा जन्म गेला. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. मावसबहीण तुंग चुंगला राहते, विमानतळापासून जवळच. हा विमानतळ १९९८ साली सुरू झाला, तोही चेक लाप कोक नावाचं बेट सपाट करून आणि भोवती भराव घालून. उतरल्या उतरल्या आपण कापलेल्या डोंगरावरच पाय ठेवतो.

तिचं घर पस्तिसाव्या मजल्यावर. गरम पोहे, चहा, आणि हॉलच्या खिडकीत लँटाऊ बेटाचे डोंगर. त्यातला सगळ्यात उंच माथा ९३४ मीटरचा. समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून तो दिसतो, वरचा तुकडा ढगात. बाबा चहाचा कप हातात घेऊन तिथंच उभे राहिले. आमच्या ठाण्याच्या घराच्या गॅलरीतून पूर्वी येऊरचा डोंगर दिसायचा. सात वर्षांपूर्वी समोर टॉवर झाला. त्याबद्दल बाबा कधी बोलत नाहीत, पण संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसणं त्यांनी तेव्हापासून सोडलं.

प्रवासाचं कारण सांगायला हवं. अप्लाइड आर्टला असताना आम्हा सगळ्यांकडे द्विमितीय डिझाइनचं एक इंग्रजी पाठ्यपुस्तक असायचं, बहुतेकांकडे झेरॉक्स काढलेलं. ग्रिड कसं आखायचं, एकच आकार किती तऱ्हांनी फिरवायचा, मोकळ्या जागेला आकार कसा येतो, हे सगळं मी त्यातून शिकले. लेखक वुशिअस वाँग. मी त्यांना कोणी अमेरिकन प्राध्यापक समजत होते. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते हाँगकाँगचे चित्रकार आहेत. शाईनं डोंगर आणि नद्या काढतात, आणि त्याच डोंगर-नद्यांत रात्रीचं शहरही काढतात. तेव्हापासून ती चित्रं समोर उभं राहून बघायची होती.

रविवार

सकाळी आधी सेंट्रलला, म्हणजे हाँगकाँग बेटावरच्या मुख्य भागात गेलो आणि तिथून स्टार फेरीनं समोरच्या किनाऱ्यावर, त्सिम शा त्सुईला. थेट एमटीआरनं, म्हणजे इथल्या मेट्रोनंही जाता आलं असतं, पण बाबांना बोट हवी होती. हिरव्या-पांढऱ्या बोटी, लाकडी बाकं, आणि बाकांची पाठ पुढं-मागं सरकवता येते, म्हणजे बोट उलटी निघाली तरी तोंड पुढंच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचची आठवण दोघांनाही एकदमच झाली. बाबांनी बाकाची ती बिजागरी तीनदा सरकवून बघितली आणि वहीत काढूनही घेतली.

हाँगकाँग म्युझियम ऑफ आर्ट धक्क्यावरून पायी पाच-सात मिनिटांवर, अगदी पाण्याच्या कडेला. १९६२ साली सुरू झालेली ही संस्था, मोठ्या डागडुजीनंतर २०१९ मध्ये पुन्हा उघडली. कायमच्या दालनांना तिकीट नाही. आम्ही शाईच्या चित्रांकडे वळलो.

चिनी लोक निसर्गचित्राला शान-शुई म्हणतात. शान म्हणजे डोंगर, शुई म्हणजे पाणी. फेंगशुईतली शुई तीच. आपण शाळेत निसर्गचित्र शिकवतो तेव्हा आधी क्षितिजरेषा मारतो, मग एक व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथं मिळतात तो बिंदू, आणि बघणारा एका जागी खिळून उभा. इथं तसं नाही. अकराव्या शतकातल्या ग्वो शी या चित्रकारानं दूर असण्याचे तीन प्रकार सांगितले: पायथ्याशी उभं राहून वर बघितल्यावर दिसणारं दूर, डोंगराच्या पुढून मागचं खोलवर बघितल्यावरचं दूर, आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगरांकडे सपाट नजर टाकल्यावरचं दूर. एकाच चित्रात तिन्ही चालतात. नजरेनं त्यात फिरायचं असतं, पायवाटेनं वर चढायचं, पूल ओलांडायचा, झोपडीत टेकायचं. त्याच्या मते चित्र असं हवं की त्यात हिंडता यावं आणि राहताही यावं.

दगड काढायचे फटकारेही ठरलेले आहेत आणि त्यांना नावं आहेत. कुऱ्हाडीचे घाव घातल्यासारखा एक, तागाचे धागे सोडल्यासारखा दुसरा. ब्रश आडवा धरून ओढला की घाव उठतो, उभा धरून लांब ओढला की धागा. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कागदापासून वीतभर अंतरावर उभं राहिल्यावर ब्रशचे केस कुठं फाटले आणि शाई कुठं संपत आली ते दिसतं. एका जुन्या चित्रातल्या कड्यावर एक घाव कोरडा पडला होता आणि त्यातून कागदाचा पोत दिसत होता. तो मुद्दाम तसा ठेवला असणार असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "मुद्दाम असो नाहीतर नसो, त्यानं तो पुसला नाही ना?"

मग लुई शौ-क्वानची चित्रं. जन्म १९१९चा, १९४८ मध्ये ग्वांगझोऊहून हाँगकाँगला आला आणि पोटासाठी फेरी कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून राहिला. आम्ही ज्या बोटीनं आलो तिची कंपनी वेगळी, तो यौमाती फेरीत होता. वर्षानुवर्षं धक्क्यांवर उभं राहायची नोकरी, आणि हातात शाई. पुढं तो झेन चित्रांसाठी प्रसिद्ध झाला, चार फटकाऱ्यांत कमळ फुलवणारी ती चित्रं. मला मात्र त्याचं १९५०च्या दशकातलं हाँगकाँग जास्त जवळचं वाटतं. खाडी, गलबतं, डोंगरउतारावर दाटलेली घरं. घरांच्या छपरांना त्यानं डोंगराच्या खडकांचाच फटकारा दिला आहे. छप्पर आणि खडक असा भेद ब्रशनं केलेलाच नाही.

बाबांनी इथं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, आणि पुढं प्रत्येक चित्रासमोर विचारला: "जोड कुठं आहे?" ड्रॉइंग ऑफिसात दोन शीट जुळवताना जोड कुठं येणार हे आधी बघायचं असतं, ती सवय. शहर आणि डोंगर हे दोन वेगळे कागद आहेत, तर ते जोडलेत कुठं?

वुशिअस वाँग लुईचेच विद्यार्थी. जन्म १९३६चा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डिझाइन आणि कला शिकून आले, मग याच संग्रहालयाच्या जुन्या रूपात क्युरेटर होते. त्या दिवशी त्यांचं जे चित्र भिंतीवर होतं त्याच्यासमोर मी किती वेळ होते ते सांगता येणार नाही. लांबून बघितलं तर डोंगरांमधून वाहणारी अंधारी नदी. तिरप्या रेषांनी कागदाचे तुकडे पाडलेत, अगदी त्या झेरॉक्समध्ये शिकवल्यासारखे. जवळ गेल्यावर दरीत उजेडाचे बारीक ठिपके दिसतात, रांगांनी. खिडक्या. हजारो खिडक्या, आणि त्यांच्यामधून तीच शाई डोंगरात वर चढत जाते. शहर डोंगरासमोर उभं नाही, ते दरीत साचलंय, धुकं साचावं तसं. विशीत रात्र-रात्र जागून आखलेलं ग्रिड इथं रस्ते झालं होतं. डोळे भरून आले. बाबांनी काही विचारलं नाही, खिशातला रुमाल पुढं केला.

थोड्या वेळानं म्हणाले, "याची जोड अंधारात आहे."

बाहेर आल्यावर समोर खरं हाँगकाँग. पाण्यापलीकडे इमारतींची भिंत आणि तिच्या वर डोंगरांची रेघ. ही रेघ आपोआप राहिलेली नाही. इथल्या नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत असं आहे की किनाऱ्यावरच्या काही ठरलेल्या जागांवरून बघताना डोंगराच्या माथ्याखालची वीस टक्के उंची इमारतीविना मोकळी दिसावी. त्या ठरलेल्या जागांपैकी एक इथलीच, संग्रहालयाच्या आसपासची. सक्तीचा कायदा नाही तो, काही टॉवर रेघेच्या वर गेलेतच. तरी कुठल्या जागेवरून डोंगर दिसायला हवा, हे कोणीतरी बसून नकाशावर ठरवलं. मला याचा हेवा वाटला, आणि तो लपवावा असं वाटत नाही. पारसिकच्या आणि येऊरच्या बाबतीत ठाण्यात कोणी अशा जागा ठरवल्या असत्या तर?

सोमवार

धुकं. मार्चमध्ये इथं दमट वारा येतो आणि भिंतींना अक्षरशः पाणी सुटतं. बहीण म्हणाली, "ताई, आज व्हिक्टोरिया पीकच्या डोंगरावर जाऊ नका, काही दिसणार नाही." आम्ही गेलो. सेंट्रलहून १५ नंबरच्या बसनं, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. वळणावळणानं झाडांच्या फांद्या काचेवर आपटत होत्या.

व्हिक्टोरिया पीक ५५२ मीटर. माथ्याला वळसा घालणारा साडेतीन किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, त्यातला लुगार्ड रोडचा भाग अर्धवट हवेत बांधल्यासारखा. वाटेत रबराचं जुनं झाड आहे, आपल्याकडच्या वडासारख्या पारंब्या सोडलेलं. या जातीचं मूळ भारताकडचं, तेव्हा बाबांनी त्याच्या खोडावर हात ठेवून विचारपूस केल्यासारखं केलं.

जिथून सगळे लोक फोटो काढतात त्या कठड्याशी आम्ही पोचलो तेव्हा समोर पांढरा कागद होता. खालून जहाजांचे भोंगे, कुठंतरी ड्रिलचा आवाज, एखादा हॉर्न. शहर ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. एक कुटुंब हळहळून परत गेलं. बाबांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढून नुसते थांबले.

वीसेक मिनिटांनी डाव्या हाताला एक टोक बाहेर आलं. फक्त टोक, खाली काही नाही. मग दुसरं, जरा लांब. मग खाडीपलीकडचा एक डोंगर, तोही कमरेपासून वर. टॉवर आणि डोंगर सारखेच दिसत होते, दोघांचेही पाय धुक्यात. शान-शुईत कागदाचा काही भाग कोरा सोडतात. तो कोरेपणा कधी धुकं असतो, कधी पाणी, कधी आभाळ. काय ते लिहिलेलं नसतं. मुलांना मी इतकी वर्षं सांगत आले, "पांढरं ठेवू नका, बॅकग्राउंड भरा." स्पर्धेत पूर्ण रंगवलेल्या चित्रालाच मार्क मिळतात म्हणून सांगत आले. त्या कठड्याशी उभं राहून मला त्या मुलांची फार आठवण झाली.

बाबा भराभर काढत होते. फाउंटन पेन आणि साधी निळी शाई, पाण्यानं फुटणारी. कागदावर धुक्याचे बारीक थेंब बसत होते. आयएफसीच्या टॉवरची कड त्यांनी पट्टीनं मारावी तशी सरळ ओढली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती कड फुटायला लागली. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक निळे केस उगवले. शेजारी काढलेल्या डोंगराची रेघही सुटली. दोन्ही रेघांमध्ये बोटभर जागा होती, त्या जागेत निळसर ओल सरकली आणि मिसळली. मी रुमाल घेऊन टिपायला गेले तर बाबांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. बघ काय करते ती."

आयुष्यभर ज्यांची रेघ कधी पसरली नाही त्या माणसानं हे म्हटलं. दोघंही वही आडवी धरून ती वाळेपर्यंत उभे होतो.

मंगळवार

पूर्व रेल्वेमार्गानं युनिव्हर्सिटी स्टेशन. चायनीज युनिव्हर्सिटी डोंगरावर आहे, खाली तोलोची खाडी. तिच्या कला-संग्रहालयात जायचं कारण एकच, गाओ ज्यानफू.

हा माणूस १८७९चा. जपानमध्ये शिकला, चीनच्या राजेशाहीविरुद्धच्या क्रांतीत प्रत्यक्ष उतरला, आणि लिंगनान नावाच्या दक्षिणेकडच्या चित्रशैलीच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याचं म्हणणं असं की जुन्या शाईत आजचं जगणं आलं पाहिजे. १९३२ साली त्यानं पावसात उडणारी विमानं काढली. शान-शुईतला नेहमीचा ओला आसमंत, दूर एक पॅगोडा, आणि वर दोन पंखांची लहान विमानं. ते चित्र याच विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कागदावरची शाई फार काळ उजेडात ठेवत नाहीत, चित्रं आलटून-पालटून बाहेर काढतात. त्या दिवशी हे आत होतं. मी ते छापील पुस्तकात बघितलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ नेला. "पावसात," ते म्हणाले. जोड कुठं आहे त्याबद्दल.

गाओच्या चित्रांवर जुन्या वळणाचे लोक संतापले होते. मला त्यांचा राग समजतो. शान-शुईत विमान घातलं की नजरेला विसावा मिळत नाही, ती विमानामागं धावते. पण गाओनं विमानं इतकी फिकी ठेवलीत की आधी पाऊस दिसतो, मग पक्षी वाटतात, आणि तिसऱ्या नजरेत पंखे कळतात. पुढं पन्नास-साठच्या दशकांत चीनमध्ये धरणं, कारखान्यांच्या चिमण्या, विजेच्या तारा घातलेली कितीतरी शान-शुई चित्रं झाली. त्यातली बरीच मला घोषणेसारखी वाटतात, कारण त्यात चिमणी आधी दिसते आणि डोंगर तिच्यामागं बिचारा उभा असतो.

आणि एक गोष्ट, जी मी बाबांना मुद्दाम तिथं पोचेपर्यंत सांगितली नव्हती. हा गाओ १९३०-३१च्या सुमारास भारतात आला होता, आणि अजिंठ्याला गेला होता. तिथल्या चित्रांच्या त्यानं नकला केल्या.

बाबा बाकावर बसले. अजिंठा त्यांनी मॅट्रिकच्या सहलीत बघितला, मग मला दाखवला. सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतराची गोष्ट आहे. दानशूर राजपुत्र नगर सोडून बायको-मुलांसह वनात निघतो. राजवाड्याचे खांब, रस्ता, दुकानं, निरोप द्यायला आलेली माणसं, आणि पुढं झाडं-खडक. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. तिथले खडकही डोंगरासारखे नाहीत, ठोकळे रचावेत तसे कोनाकोनाचे. मी लहानपणी त्यांना इमारती समजले होते, हे बाबांना अजून आठवत होतं.

"म्हणजे हा तिथं उभा होता," ते म्हणाले. "आपण उभे होतो तिथंच." मग बराच वेळ खाडीकडे बघत बसले. गाओनं अजिंठ्यातून काय उचललं याचा अभ्यास करणारे करतील. मला त्या दुपारी एवढंच पुरलं की विमानं काढण्याच्या साल-दीड साल आधी तो आमच्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या अंधाऱ्या लेण्यात डोळे ताणून नगर आणि वन बघत होता.

बुधवार

शेवटचा दिवस, रात्रीचं विमान. सेंट्रलच्या चढावरच्या एका छोट्या गॅलरीत यांग योंगल्यांगचं एक काम लागलं होतं. तो १९८०चा, शांघायजवळच्या ज्यादिंग या जुन्या गावात जन्मलेला, लहानपणापासून पारंपरिक चित्रकला आणि सुलेखन शिकलेला. या कामात मात्र ब्रश नाही. शहराचे हजारो फोटो काढतो आणि संगणकावर जोडून शान-शुई उभं करतो. दारातून बघितलं तर चीनच्या जुन्या सोंग राजवटीतलं चित्र: कडे, धबधबा, पाइनची झाडं. दोन पावलं पुढं गेल्यावर कडे म्हणजे एकमेकांवर चढलेल्या इमारती, आणि झाडं म्हणजे विजेचे मनोरे आणि बांधकामाच्या क्रेन.

कौशल्य थक्क करणारं आहे. मला ते बघून भीती वाटली, आणि ती त्याला अपेक्षितच असणार. वाँगच्या चित्रात मी राहू शकते, त्यातल्या एका ठिपक्यात दिवा लावून. यांगच्या डोंगरात राहायला जागाच नाही, सगळीकडे घरं असून. बाबा एका क्रेनजवळ बोट नेऊन म्हणाले, "याला जोड नाही. सगळं एकाच मालाचं आहे." मग जरा थांबून, "हल्ली आपल्याकडे असंच."

मला तेव्हा सुधीर पटवर्धन आठवले. आमच्या ठाण्याचेच, कितीतरी वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढणारे. त्यांच्या कॅनव्हासवर चाळी, पूल, रुळ, नाले आणि मागं फोडलेला डोंगर एकाच वेळी अनेक बाजूंनी दिसतात, आणि त्यात माणूस चालत असतो. त्यांना शाईची परंपरा नाही, धुकं नाही. ते कडक उन्हात जोडतात. ठाण्याला धुकं मिळतं कुठं? घरी गेल्यावर मुलांना ती चित्रं दाखवायची हे मी तिथंच ठरवलं.

बहिणीनं विमानतळावर सोडताना पिशवीभर तिळाचे लाडू दिले.

गुरुवार, ठाणे

सकाळी पोचलो. दुपारी झोप झाल्यावर बघते तर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पाट, पाटावर माझा कार्ट्रिज पेपर. समोरचा टॉवर त्यांनी खिडक्यांसकट काढला होता, मजले मोजून. त्याच्या वरचा आणि डावीकडचा कागद कोरा होता. बाजूला वाटीत पाणी आणि माझा दोन नंबरचा ब्रश.

"येऊरची रेघ कुठून जायची गं?" त्यांनी विचारलं. "टाकीच्या वरून की खालून?"

मी म्हटलं वरून. ते म्हणाले खालून, आणि मग एक खोलगट भाग होता, उंटाच्या पाठीसारखा. मला तो खोलगट भाग आठवत नव्हता. सात वर्षांत मी तो विसरले होते. आम्ही वाद घालत होतो तेवढ्यात आई गुडघा धरत बाहेर आली, लाडवाचा तुकडा तोंडात.

"टाकीच्या डावीकडे," ती म्हणाली. "संक्रांतीच्या आसपास सूर्य बरोब्बर त्या खळग्यात बसायचा. मी तेव्हाच देवाजवळ दिवा लावायचे." आणि तिनं ओल्या बोटानं कागदावर ती जागा दाखवली.